अनंताचं फूल, आईकडून

उषा,

तुला पाठवायची फुलं निवडायला मी दुकानात गेले आणि तिथल्या आल्बममध्ये तुझं पान कुठलं तेच मला कळेना.

पोस्टाच्या शेजारचं ते फुलांचं दुकान. आपण दोघी तुझ्या मीनाची बाबागाडी ढकलत त्याच्यासमोरून जायचो, तेव्हा तू काचेला नाक लावून आतल्या कार्नेशन्सकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "नलू, हे मुडदे पाहून घे. फ्रिजमध्ये ठेवून राहिले अन् वर फुलं म्हणून राहिले." इतक्या वर्षांत आपण त्या दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. तुम्ही ॲरिझोनाला गेल्यावर मीही कधी आत गेले नाही. त्या दिवशी गेले. बाहेर गुडघाभर बर्फ, विमानतळ बंद, तिकडे चँडलरला दुसऱ्या दिवशी दुपारी तुझं सगळं उरकणार, आणि मी इथे पार्सिपनीत ओले बूट घालून एका फुलवालीसमोर उभी. माणसाला जाता येत नसेल तर त्याच्या जागी फुलं जातात, अशी इथली रीत आहे.

दुकानाची मालकीण डॉना. तिने माझ्यासमोर एक जाडजूड आल्बम ठेवला. मी एका फोटोवर बोट ठेवायचं, ती चँडलरच्या फुलवाल्याला फोन करणार, आणि तो तिकडे तसंच करून फ्युनरल होममध्ये नेऊन देणार. मी पानं उलटत गेले. पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र, तारेच्या तीन पायांवर उभं केलेलं. फुलांचा क्रॉस. फुलांची उशी. एका फोटोत तर फुलांनी मढवलेली रिकामी खुर्ची होती. प्रत्येकाखाली सॅटिनची रिबन आणि सोनेरी अक्षरं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे काय नलू, मी घोड्यांच्या शर्यतीत पहिली आली काय?" मला हसू आलं. डॉनाने गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि मग मी तिच्या काउंटरवर डोकं ठेवून रडले. तिने टिश्यूचा डबा सरकवला. असल्या दुकानात तो हाताशी ठेवलेलाच असतो.

तुला वाटेल, एवढं काय त्यात, द्यायचं एक चक्र पाठवून. पण सकाळीच आपल्या मंडळातल्या एका काकूंचा फोन येऊन गेला होता. आधी त्या रडल्या, खोटं कशाला बोलू, मनापासून रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "पण भाग्याची हो. नवऱ्याच्या आधी गेली, भरल्या कुंकवानं. अहेव मरण कुणाच्या नशिबी असतं? तिकडच्या बायकांना सांग, हिरवी साडी, बांगड्या, केसांत वेणी, सगळं नीट करा म्हणावं. तूही वेणीचंच काहीतरी पाठव." मी फोन ठेवला नाही, आपटला.

मीना अजून हायस्कूलमध्ये आहे. तुझ्या वसंतरावांना चहासुद्धा धड करता येत नाही. आणि तू भाग्याची! तुझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. एका हळदीकुंकवाला असंच कुणीसं म्हणालं होतं, आणि तू हातातली बशी खाली ठेवून म्हणाली होतीस, "अहेव मरण एवढं चांगलं असेल तर लावा नं रांग. मी मागे उभी राहते." मी तुला कोपरानं ढोसलं होतं. आणि बघ, मागे उभी राहते म्हणालीस आणि पुढे गेलीस.

तेव्हा हा असा पेच होता. वेणी पाठवावी तर तू त्या पेटीतून उठून भांडायला बसशील. चक्र पाठवावं तर हसशील. आणि काहीच पाठवू नये तर तुझ्यापाशी माझं म्हणून काहीच पोचणार नाही. त्या जागी बाकी सगळे असतील, मी नसेन. ते मला सोसवत नव्हतं.

त्यातून वाट काढली आईने. पण ते सांगण्याआधी मला आपलं ते भांडण पुन्हा एकदा काढू दे. आता मला मधेच तोडणारं कुणी नाही, त्यामुळे धडपणे सांगता येईल. धडपणे सांगण्यात काही मजा नाही ते सोड.

तुझा तो अनंत. इथे त्याला गार्डिनिया म्हणतात. सुपरमार्केटच्या मागे कुणीतरी टाकून दिलेली ती वाळकी कुंडी तू कोटाखाली धरून घरी आणलीस, आजारी लेकराला आणावं तशी. हीटरपासून दूर, खिडकीच्या जवळ, खाली ताटलीत खडे आणि पाणी. जागा हलवली की रुसायचा, कळ्या गाळायचा. श्रीकांत मला म्हणायचा, तुझ्या उषाच्या घरी दोन मुलं आहेत, त्यातलं मोठं झाड आहे. मग एका उन्हाळ्यात तो फुलला आणि सगळ्या बिल्डिंगच्या जिन्यात वास. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरातसुद्धा.

त्याच उन्हाळ्यात आई माझ्याकडे होती. बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. फिकट साड्या, मोकळं कपाळ. तिला तू आधी पाहिलंच नव्हतंस, म्हणून तिचं काय गेलं ते तुला कळणार नाही असं मला वाटायचं. साताऱ्याच्या आमच्या परसात अबोली, शेवंती, मोगरा, सगळं तिनं लावलेलं. रोज संध्याकाळी गजरे करून आळीभर वाटायची आणि पहिला स्वतः माळायची. बाबा म्हणायचे, हिला देव विसरेल पण अंबाडा विसरणार नाही. ते गेले त्या दिवसापासून तिने फुलं तोडून देवाला वाहिली, उरलेली शेजारणींना दिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही.

आणि एका संध्याकाळी मी लॅबमधून घरी आले, तर आई स्वयंपाकघरात पालक निवडत बसलेली आणि तिच्या अंबाड्यात पांढरंशुभ्र अनंताचं फूल. मी दारातच थांबले. माझा चेहरा बोलला असणार. आईचा हात झटकन मागे गेला. फूल काढलं, स्टीलच्या वाटीत ठेवलं, वाटी फ्रिजमध्ये सारली आणि म्हणाली, "उद्या देवापुढे ठेवीन." आणि पुन्हा पालक निवडायला लागली. मी तशीच बुटासकट तुझ्याकडे वर आले.

"तू आईला विचारलंस तरी का?"

"विचारलं नं. म्हटलं, काकू, माळू का? त्या काही बोलल्या नाहीत. मान खाली केली."

"मान खाली केली म्हणजे संकोच वाटला तिला!"

"मान खाली केली म्हणजे मला अंबाडा दिसला, नलू."

तुझं हे असं. कुठल्याही भांडणात तू एक वाक्य असं टाकायचीस की पुढचं माणूस घसरून पडावं. पण मीही साताऱ्याची. मी म्हटलं, "तू इथे चार दिवस कौतुक करशील. तिला परत जायचंय. त्या आळीत राहायचंय, त्या बायकांत. इथे फुलाची सवय लावलीस आणि तिकडे ते सुटलं, तर ते दुसऱ्यांदा सुटेल. एकदा सुटलं ते पुरे नाही का?"

"म्हणून काय माणसाला आधीच उपाशी ठेवायचं? फुलं काय नवऱ्यासोबत आली होती त्यांच्या घरी? लहानपणापासून माळून राहिल्या त्या. नवरा तर मधेच आला."

"तुझी आई सवाष्ण आहे. तुला बोलायला काय जातं?"

मीना रडायला लागली होती, तिला उचललंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझ्याशी भांडू नको. आईला विचार."

आता मला सांग, आपल्याकडे आईला असलं कुणी विचारतं का? आई, तुला फूल माळावंसं वाटतं का गं, असं? त्यापेक्षा तुझ्याशी भांडणं सोपं होतं. म्हणून मी ते चालू ठेवलं. आईने फूल माळलेलं त्यानंतर मला कधी दिसलं नाही, त्यामुळे माझी बाजू भक्कम होत गेली. मी तुला सुनवायचे, "बघ, तिला नकोच होतं." तू म्हणायचीस, "असेल." एवढंच. तू इतक्या सहज हार मानणारी नव्हेस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुम्ही चँडलरला निघालात तेव्हा ती कुंडी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "तिकडे वाळवंट आहे. हा मरून जाईल. तू ठेव, अन् भांडण पण ठेव." मी दोन्ही ठेवलं. दर रविवारी सकाळी फोनवर वसंतरावांचा नवा बॉस, मीनाचे मार्क, तिकडचं ऊन, इकडचा गारठा झाला की शेवटी तू विचारायचीस, "विचारलं का आईला?" आणि मी म्हणायचे, "नाही." तू आजारी पडल्यावरसुद्धा. ट्रीटमेंट चालू असताना, आवाज चिंधीसारखा झाला होता तेव्हासुद्धा. शेवटच्या एका रविवारी मी विचारलं, केस गळतात का गं? तर म्हणालीस, "थोडे गळून राहिले. बाकी मस्त." मी म्हटलं, "एप्रिलमध्ये येते. तेल लावून तुझी वेणी घालून देते, मीनाच्या बाळंतपणात घालायचे तशी." तुझी ती कमरेपर्यंतची वेणी, माझ्या मुठीत मावायची नाही. तू हसलीस. जरा जास्तच हसलीस. मला वाटलं, बरी आहेस.

तर, दुकानात जायच्या आधी मी आईला फोन लावला होता. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. तू गेल्याचं सांगितलं. लाइनमध्ये नुसती खरखर. मग तिने विचारलं ते भलतंच. "तिथे या दिवसांत अनंत मिळतो का गं?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

"मिळाला तर एक फूल दे तिला. केसांत माळायला. माझ्या नावानं दे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ज्या बाईला आपल्यात सवाष्णीची ओटी भरायलासुद्धा पुढे बोलवत नाहीत, ती अहेव गेलेल्या बाईच्या केसांत आपल्या नावानं फूल माळा म्हणत होती. मी विचारलं, "आई, तुझ्या नावानं? चालेल?"

"उषाला चालेल," ती म्हणाली.

ते मागायचा धीर होईना म्हणून दुकानात मी आधी पानं उलटत बसले होते; आता डॉनाचा तो सांत्वनाचा आल्बम मिटला आणि तिला म्हटलं, "गार्डिनिया. एक."

तिने भुवया उंचावल्या. गार्डिनिया त्या आल्बममध्ये नव्हतंच. तिने दुसरा काढला, लग्नाचा आणि मुलामुलींच्या नाचाच्या पार्ट्यांचा. त्यात एका पानावर छोट्या पारदर्शक डब्यात एकच फूल, मागे दोन हिरवी पानं. हेच, मी म्हटलं. डॉना चांगली बाई आहे. तिने दोनदा विचारलं, "फ्युनरल होमलाच पाठवायचंय ना?" मग चँडलरला फोन लावला, तिकडचा माणूस म्हणाला फिनिक्सहून मागवतो, सकाळी पोचवतो. मग त्याने काहीतरी विचारलं आणि डॉनाने फोनवर हात ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला.

"आय ॲम सॉरी, हे आम्हाला विचारावंच लागतं. त्या फूल मनगटावर बांधणार की खांद्यावर पिनने लावणार?"

"केसांत," मी म्हटलं. "शी हॅज लाँग हेअर. केसांत खोचायचं. पिन नको."

"पिन डब्यात येतेच, हनी. राहू दे. लागली नाही तर नाही."

कार्डावर काय लिहायचं? मी म्हटलं, फक्त 'फ्रॉम आई'. अक्षरं सांगितली, तर तिने विचारलं, ही कंपनी आहे का. तू असतीस तर लोळून हसली असतीस. मी म्हटलं, नाही, आई म्हणजे आई.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी घड्याळाकडे पाहत बसले. आता तिकडे सगळे जमले असतील, आता भटजी आले असतील, आता झालं असेल. बर्फ पडतच होता. श्रीकांतने खिचडी केली, मी खाल्ली नाही. वसंतरावांचा फोन आला तेव्हा अंधारून आलं होतं. तुझा नवरा मुळात कमी बोलणारा, फोनवर तर तारेचे शब्द मोजल्यासारखा. त्या दिवशी मात्र बोलत राहिला.

"नलिनीवहिनी, फूल पोचलं."

"माळलं का तिला?"

वसंतराव म्हणाले, "तिला केस नव्हते हो. दिवाळीपासूनच नव्हते. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. म्हणाली, नलू वेणी घालायला येणार आहे, तिला येऊ दे, मग पाहू."

उषा, मी तुला केसांत खोचायचं फूल पाठवलं. पिन नको म्हणाले.

पुढचं वसंतरावांनी सांगितलं तसं सांगते. बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली होती, कुंकू लावलं होतं. कुणीतरी गंगावन आणून डोक्याला बसवलं, तर मीना किंचाळली, "दॅट्स नॉट माय मॉम!" मग ते काढलं आणि तुझा रोजचा पिवळा सुती स्कार्फ बांधला. वसंतरावांच्या ऑफिसकडून आलेली ती चक्रं भिंतीपाशी उभी होती. तेवढ्यात हा लहानसा डबा आला. कार्ड वाचून एकीने विचारलं, "कुणाच्या आई?" वसंतराव म्हणाले, "उषाच्या." त्यांनी असं का सांगितलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग फूल कुठे ठेवायचं यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं हातात द्या, कुणी म्हणालं पायाशी ठेवा. वसंतरावांना डब्याच्या तळाशी ती पिन दिसली. मोत्याच्या डोक्याची लांब पिन.

"मी स्कार्फला लावली, कानाच्या वर," ते म्हणाले. "तिला टोचेल म्हणून आतून माझं बोट धरलं आणि मग लावली. लावून झाल्यावर लक्षात आलं."

दोन माणसं दोन टोकांना रडत होती आणि तार तेवढी मधे होती. मग त्यांच्या हातातून मीनाने फोन घेतला. तिचं मराठी तुला माहीत आहे, 'मावशी' एवढा शब्द नीट येतो. म्हणाली, "मावशी, इट स्मेल्ड लाइक अवर ओल्ड अपार्टमेंट." ती त्या घरातून गेली तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. कसं आठवलं तिला, मला कळत नाही.

फूल तुझ्याबरोबर गेलं. तेवढं मी विचारून घेतलं.

आता शेवटचं. ते तुला माहीत आहे, पण मला माहीत झालंय हे तुला माहीत नाही.

परवा सकाळी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. स्कार्फ, पिन, बोट. ती रडली. मग म्हणाली, "पोरीनं स्वतःचंही सांगितलं नाही तर." मी म्हटलं, स्वतःचंही म्हणजे? ती विषय बदलायला लागली. आणि मग मी इतक्या वर्षांचा तो प्रश्न विचारला. तुझ्या शब्दाखातर विचारला म्हण. "आई, तेव्हा ते फूल काढून का ठेवलंस गं? नकोसं झालं होतं ना तुला?"

"नकोसं? अगं, कोमेजू नये म्हणून ठेवलं होतं मी फ्रिजमध्ये. सकाळी तुम्ही दोघं कामावर गेलात की उषा मीनाला घेऊन खाली यायची. अंबाडा सोडून, नीट घालून, तीच माळायची परत. दुपारी आडवी झाले तरी मी काढत नसे. तुझी गाडी वाजली की काढायचं. ते सुकलं की दुसरं आणायची. कळी नसली तर नुसती केस विंचरून द्यायची. मी परत जाईपर्यंत असंच चाललं होतं आमचं."

आईच्या उशीला तेव्हा वास यायचा. मला वाटायचं तुझ्या घरातून खाली येतो.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझा चेहरा पाहिला होता ना मी त्या दिवशी. उषाला शपथ घातली, नलूला सांगायचं नाही. म्हणाली, नाही सांगत काकू. नाही सांगितलंन."

"आणि परत गेल्यावर, आई? तिकडे?"

लाइनवर पुन्हा ती खरखर.

"इथे कुठे उषा होती, नलू?"

किती रविवार, उषा! दर रविवारी मी तुला ऐकवायचे, बघ, तिला नकोच होतं. तुझ्याकडे एक वाक्य होतं. ते एक वाक्य टाकलं असतंस तर मी तोंडावर आपटले असते आणि भांडण संपलं असतं. घसरवणारी वाक्यं टाकण्यात तुझा हात कोण धरणार होतं? आणि तू म्हणायचीस, असेल. देवाची म्हणून माझ्या फ्रिजमध्ये असलेली फुलं तू आईला माळायचीस, फ्रिजमधल्या फुलांना मुडदे म्हणणारी तू! मला राग येतो तुझा. एवढी शपथ पाळायची काय गरज होती? मला का नाही सांगितलंस आईचं, मला का नाही सांगितलंस केसांचं? मी एप्रिलची वाट पाहत बसले नसते गं. बर्फ पडायच्या आधी आले असते. तुझ्या उघड्या डोक्याला तेल लावलं असतं.

आणि तरी तू तिचा अंबाडा घालत होतीस, मी लॅबमध्ये परीक्षानळ्या विसळत असताना. माझ्या आईला त्या वर्षात कुणीतरी हात लावत होतं, केस विंचरत होतं. मी नव्हते, पण कुणीतरी होतं. याचे आभार कसे मानतात, मला येत नाही.

तसं माझंही अगदीच चुकलं नव्हतं हं. तिकडे गेल्यावर तिचं दुसऱ्यांदा सुटलंच. पण यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, आणि ते तुझ्या आवाजात ऐकायला मी आता काहीही देईन. काल रविवार होता. फोन वाजला नाही.

कुंडी खिडकीत आहे. पानं जरा पिवळी पडलीयेत, कळी एकही नाही. खड्यांच्या ताटलीत पाणी घालते. आईला म्हटलं, या उन्हाळ्यात ये. आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. तोवर झाड जगेल का, फुलेल का, देव जाणे. फुललं तर मी तिला काही विचारणार नाही. फूल घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहीन, आणि ती मान खाली करेपर्यंत थांबेन.

तुझी,
नलू